दुरुस्ती

बुधवारी चारच्या सुमारास पाझारे मॅडम यायच्या,
लूना प्रेसच्या भिंतीला टेकवून,
दुपट्ट्यात गुंडाळलेलं डोकं, डोळे तेवढे उघडे.
मे महिन्यात अख्खं नागपूर असंच दिसतं,
पण लेख त्यांच्याच पिशवीत असायचा:
निळी शाई, एक ओळ सोडून एक.

मी मुद्रितशोधक. बी.ए. मराठी, दुसरी श्रेणी.
विज्ञानाशी माझी सोयरीक
दहावीला पस्तीस मार्कांवर मोडलेली.
म्हणूनच त्या आधी मला वाचायला द्यायच्या.
"शेषरावभाऊ, जिथं अडेल तिथं फुली मारा."

'बाष्पीभवनाची सुप्त उष्णता.' फुली.

त्या खिडकीतल्या कूलरकडे बघत बसल्या,
त्याच्या ओल्या, कुबट वाळ्याकडे.
मग खोडून लिहिलं:
'पाणी उडून जातं ते रिकाम्या हातानं नाही,
वाटखर्चाला खोलीतली उष्णता घेऊन जातं.'
मी म्हटलं, आता समजलं.
"मग जुलैत हाच कूलर गार का करत नाही, सांगा?"
मी चहा सांगायला उठलो.

एकदा काटोलहून पोस्टकार्ड आलं, सातवीतल्या पोराचं.
'मॅडम, तुमच्या लेखातलं अंडं
आमच्या घरी मिठाच्या पाण्यात तरंगलं नाही.
आई मिठाचे पैसे मागते.'
संपादक हसले. मीपण हसलो.
त्या रविवारी एसटीनं काटोलला गेल्या,
डब्यात भुशात ठेवलेली दोन अंडी,
पिशवीत किलोभर मीठ.

पुढच्या लेखावर चौकट होती:
'चार चमचे मीठ, असं मी लिहिलं होतं.
चमचा केवढा, ते लिहिलं नव्हतं.
चूक माझी. अंड्याची नाही,
आणि तुळशीदास भोयर याचीही नाही.'
आमच्या पेपरात त्याआधी मी माफी पाहिली होती
ती फक्त वकिलाच्या नोटिशीनंतरची.

मानधन चाळीस रुपये. पुढे साठ.
मग बरीच वर्षं साठच.
सकाळी महापालिकेची शाळा, सहावी ते आठवी,
भिंग एक आणि पोरं चोपन्न.
"संशोधन काही झालं नाही माझ्याकडून,"
एकदा म्हणाल्या,
आज बाजारात मेथी नव्हती, असं सांगावं तशा.

सव्वीस मे. सुट्टी असली तरी
इंदोऱ्यातली पोरं गोळा करून
शाळेच्या फरशीवर तांब्या उभा ठेवायच्या.
बारा वाजून अकरा मिनिटं.
पंचेचाळीस अंश, चपला चिकटतायत,
मी गेलो होतो एका वर्षी, रुमाल ओला करून.
तांब्याची सावली आत आत सरकली
आणि गेली.
एक बारकी पोरगी घाबरली:
"मॅडम, माही सावली मेली काय?"
"नाही वं बाई. पायाखाली गेली.
पाय उचल, दिसते."
तिनं उचलला.
मग सगळ्यांनीच उचलले,
एका पायावर नाचणारी वीस-पंचवीस पोरं,
आणि कडेला मीसुद्धा, पन्नाशीचा,
भिंतीला धरून.

बावीस वर्षांनी सदर बंद झालं.
कळवलं कोणी नाही. एका रविवारी
त्या जागेत क्लासची जाहिरात होती,
डॉक्टर होणाऱ्या पोरांचे चौकोनी फोटो.
त्या बुधवारीही मॅडम आल्या,
लेख टेबलावर ठेवला, पाणी प्यायल्या,
लेख परत पिशवीत घातला.

परवा टपालानं एक कात्रण आलं.
तीच जाहिरात, नवीन वर्षाची:
'आमचा वीस प्रकाशवर्षांचा अनुभव!'
शब्दावर पेन्सिलीची फुली. समासात
थरथरतं, पण ओळखू येणारं अक्षर:
'शेषरावभाऊ, हे अंतराचं माप आहे, काळाचं नाही.
दुरुस्ती छापता येईल का?'

मीही निवृत्त. तरी फोन लावला.
नवीन संपादक नम्रपणे म्हणाले,
"काका, पैसे भरलेली जाहिरात आहे.
तीत चूक नसते."